लीट्रिममध्ये राहताना: काउंटी कौन्सिल, प्लॅनिंग आणि रोजगार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिनमधल्या घरभाड्यांना कंटाळून कितीतरी मराठी कुटुंबं आयर्लंडच्या वायव्येकडच्या गावांची चौकशी करतात. फोनवर पहिले दोन प्रश्न घराचे आणि शाळेचे असतात. कौन्सिलबद्दल कुणी विचारतं ते सहा महिन्यांनी, शेजारच्या शेताच्या फाटकावर पांढरा कागद, म्हणजे बांधकामाच्या अर्जाची नोटीस, लागली की. तोवर बऱ्याचदा लेखी म्हणणं देण्याची निम्मी मुदत संपलेली असते. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. उदाहरणं लीट्रिम काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) आहेत, पण कायदा देशभर एकच असल्यामुळे मेयो, रॉसकॉमन किंवा डोनेगॉलमध्ये राहणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

लीट्रिम म्हणजे नेमकं केवढं?

क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस किलोमीटर आणि २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ३५ हजारांच्या थोडी वर. सिंधुदुर्ग हा आपल्याकडचा लहान जिल्हा, पण २०११ मध्ये तिथेही साडेआठ लाखांच्या आसपास माणसं होती. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सगळ्यांत कमी लोकसंख्या असलेली काउंटी हीच. कॅरिक-ऑन-शॅनन हे मुख्य गाव. डब्लिन-स्लायगो रेल्वे आणि एन-४ महामार्ग दोन्ही तिथूनच जातात.

पुढची सगळी उत्तरं ज्या आकड्यावर उभी आहेत तो आकडा मात्र जुना आहे. १८४१ मध्ये इथे १ लाख ५५ हजार लोक राहत होते. नंतर बटाट्याचा दुष्काळ पडला, लोक देशोधडीला लागले आणि पुढची दीडशे वर्षं गळती थांबलीच नाही. १९९६ मध्ये जेमतेम २५ हजार उरले. त्यानंतर हा आकडा पुन्हा चढू लागला. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाशी बोला, शाळेत किती मुलं उरली हा विषय दहा मिनिटांत निघतोच. कौन्सिलच्या प्रत्येक कागदामागे हीच धास्ती असते: गाव रिकामं होऊ नये.

काउंटी कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषद का?

काही बाबतीत हो, पण सरसकट तशी समजूत करून घेऊ नका. आपल्याकडे प्राथमिक शाळा आणि आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे असतात. इथे कौन्सिलचा शाळांशी संबंध नाही, दवाखान्यांशी नाही, पोलिसांशी तर नाहीच. पाणीसुद्धा २०१४ पासून इश्का एरिन या राष्ट्रीय कंपनीकडे गेलं. तेव्हा नळाला पाणी नसेल तर कौन्सिलर फार तर तुमच्या वतीनं फोन करू शकतो.

कौन्सिलकडे राहिलं ते रस्ते, गरजूंसाठी घरं, वाचनालयं, अग्निशमन, कचऱ्याचे नियम, लहान उद्योगांना मदत आणि प्लॅनिंग. यात प्लॅनिंग सगळ्यांत वजनदार, कारण कुठे काय बांधायचं आणि कुठे काहीच बांधायचं नाही हे त्यातून ठरतं.

२०१४ मध्ये मोठी फेररचना झाली. देशातल्या ८० नगर कौन्सिलं बंद करण्यात आली आणि एकूण ३१ स्थानिक संस्था उरल्या. लीट्रिममध्ये १८ कौन्सिलर आहेत. कॅरिक-ऑन-शॅनन, बॅलिनामोर आणि मॅनरहॅमिल्टन असे तीन विभाग आहेत आणि प्रत्येकातून सहा जण निवडून येतात.

कौन्सिलरला सांगितलं तर प्लॅनिंगची परवानगी मिळते का?

नाही. नव्यानं आलेल्या माणसाचा सर्वांत मोठा गैरसमज हाच असतो.

एखाद्या घराला, गोठ्याला किंवा दुकानाला परवानगी द्यायची की नाही हे कौन्सिलचे अधिकारी ठरवतात. त्यांच्या वरचा माणूस म्हणजे चीफ एक्झिक्युटिव्ह. तो निवडून येत नाही, त्याची नेमणूक होते. आपल्या जिल्हा परिषदेतल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याशी त्याची तुलना करता येईल, मात्र अधिकार त्याहून जास्त. पूर्वी कौन्सिलर ठराव करून त्याला एखादी परवानगी द्यायला भाग पाडू शकत असत. २०१४ च्या कायद्यानं प्लॅनिंगपुरती ती वाट बंद केली. त्याआधी देशात जमिनींच्या फेरवर्गीकरणावरून लाचखोरीची मोठी प्रकरणं घडली होती. त्यांच्या न्यायालयीन चौकशीचा, म्हणजे माहॉन ट्रिब्यूनलचा, अखेरचा अहवाल २०१२ मध्ये आला. कौन्सिलांच्या प्लॅनिंगवर लक्ष ठेवणारं स्वतंत्र नियामक कार्यालय २०१९ मध्ये सुरू झालं, तेही याच अहवालाच्या शिफारशीतून.

मग कौन्सिलरच्या हातात काय उरतं? नियमच त्याच्या हातात असतात. काउंटीचा डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय होऊ द्यायचं याचा आराखडा, मंजूर करणं, वार्षिक अंदाजपत्रक संमत करणं, घरपट्टी वर-खाली करणं हे सगळं निवडून आलेल्या सदस्यांचं काम. एका घराच्या बाबतीत तो हतबल असतो. पण कुठल्या गावाभोवती घरं होऊ द्यायची हे ठरवताना त्याचं मत मोजलं जातं. म्हणून त्याला भेटायची वेळ प्लॅन बनत असताना असते. अर्ज फेटाळून हातात आला की उशीर झालेला असतो.

माझा पासपोर्ट भारतीय आहे. मला मत देता येतं का?

येतं. संसदेच्या निवडणुकीत नाही, पण स्थानिक निवडणुकीत १८ वर्षांवरचा कुणीही रहिवासी मत देऊ शकतो, नागरिकत्व कुठलंही असो. उमेदवार म्हणून उभंही राहता येतं. फक्त मतदार यादीत नाव हवं. नोंदणी ऑनलाइन होते. पीपीएस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) आणि एअरकोड (घराचा पिनकोड) जवळ ठेवा.

मागची निवडणूक जून २०२४ मध्ये झाली. दर पाच वर्षांच्या आत ती घ्यावीच लागते, १९९९ पासून राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो. सहा जागांच्या विभागात साधारण सातव्या हिश्शाहून थोडी जास्त मतं मिळाली की माणूस निवडून येतो. म्हणजे मूठभर कुटुंबांनी ठरवून दिलेली दुसरी-तिसरी पसंतीसुद्धा शेवटच्या जागेचा निकाल फिरवू शकते.

मालवण तालुक्यातलं वराड हे ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव, ते लिओ वराडकर पुढे देशाचे पंतप्रधान झाले हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांची सुरुवात मात्र कौन्सिलमधूनच झाली. २००३ मध्ये फिंगल काउंटी कौन्सिलच्या रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांना घेण्यात आलं (अशा जागेसाठी इथे पोटनिवडणूक होत नाही, नेमणूक होते) आणि २००४ मध्ये पहिल्या पसंतीची देशातली सर्वाधिक मतं त्यांना पडली. लीट्रिमच्या शेजारी स्लायगोमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये २०४० पर्यंतचा राष्ट्रीय आराखडा जाहीर झाला, तेव्हा पंतप्रधान तेच होते. आपल्या काउंटीचा प्लॅन त्याच आराखड्याच्या चौकटीत बसवावा लागतो.

डेव्हलपमेंट प्लॅन एवढा जाडजूड असतो. तो मी का वाचावा?

सगळा वाचू नका. आपल्या गावाचा नकाशा आणि त्यातले रंग बघा, पुरे. घरांसाठीची जमीन, उद्योगाची जमीन, मोकळी ठेवायची जमीन, पुराची जमीन असे वेगवेगळे रंग असतात. आपल्या घरामागचं कुरण कुठल्या रंगात आहे हे घर घेण्याआधी बघायला दहा मिनिटं लागतात.

सध्याचा लीट्रिमचा प्लॅन २०२३ ते २०२९ चा आहे. तो तयार होताना लोकांकडून तीनदा लेखी सूचना मागवतात: अगदी सुरुवातीला, मसुदा आल्यावर आणि मसुद्यात मोठे बदल झाल्यावर. पहिल्या फेरीत काहीही सुचवता येतं, शेवटच्या फेरीत फक्त केलेल्या बदलांवर बोलता येतं. लोक जागे होतात ते शेवटच्या फेरीत. माझ्या मते पहिल्या फेरीतल्या साध्या एका पानाला नंतरच्या दहा पानांचं वजन असतं, कारण तेव्हा कागद कोरा असतो. २०२४ च्या नव्या प्लॅनिंग कायद्यात प्लॅनची मुदत सहाऐवजी दहा वर्षं केली आहे. म्हणजे चुकलेली संधी यापुढे आणखी लांबणार.

शेजारच्या शेताच्या फाटकावर पांढरा कागद लागलाय. आता काय करायचं?

आधी फोटो काढा. पावसात शाई पसरते आणि प्लास्टिकच्या आतून वाफ धरते. मागच्या हिवाळ्यात आमच्या वळणावरच्या फाटकाला असाच कागद बांधला होता. तिसऱ्या दिवशी अर्जदाराचं नाव वाचता येत होतं, पण काय बांधणार ती ओळ पार धुऊन गेली होती. मला ती कौन्सिलच्या संकेतस्थळावर जाऊन शोधावी लागली.

ही नोटीस कायद्यानं बंधनकारक आहे आणि सार्वजनिक रस्त्यावरून वाचता येईल अशीच लावावी लागते. कागद पिवळा असेल तर त्याच जमिनीवर सहा महिन्यांच्या आतला हा दुसरा अर्ज आहे असं समजा, आणि मग पहिल्याचं काय झालं तेही बघा. अर्ज दाखल होण्याआधी दोन आठवड्यांत स्थानिक वर्तमानपत्रातही जाहिरात द्यावी लागते. इथे 'लीट्रिम ऑब्झर्व्हर' चाळायची सवय म्हणूनच कामाची आहे.

अर्ज कौन्सिलला मिळाल्यापासून पाच आठवडे तुमच्याकडे असतात. नकाशे, आराखडे सगळं ऑनलाइन फुकट बघता येतं. लेखी म्हणणं द्यायचं असेल तर २० युरो शुल्क आहे. पाच आठवडे संपल्याशिवाय निर्णय देता येत नाही. साधारणपणे तो आठ आठवड्यांत येतो, पण अधिक माहिती मागवली तर काम महिनोन्‌महिने लांबू शकतं.

हरकत लिहिली तर शेजाऱ्यांशी वाकडं येईल ना?

तुमचं नाव आणि म्हणणं दोन्ही सार्वजनिक होतं, निनावी पत्र घेत नाहीत. खेड्यात हे जड जातं, हे मी नाकारत नाही. म्हणून लिहिण्याआधी जाऊन बोला. इथली माणसं चहा ठेवून ऐकून घेतात. खिडकीची जागा बदलणं किंवा कुंपणाला झुडपं लावणं अशा गोष्टी टेबलावरच मिटतात.

दुसरं म्हणजे, लिहिलेलं प्रत्येक पत्र हरकतच असलं पाहिजे असं नाही. गावात डे-केअर येत असेल, जुनी बंद पडलेली इमारत कुणी उभी करत असेल, तर पाठिंब्याचं पत्रही त्याच २० युरोत जातं. आणि पाठिंब्याची पत्रं फारच कमी येतात.

लिहिताना मुद्द्याचं लिहा: गेटमधून गाडी काढताना दोन्ही बाजूंना किती रस्ता दिसतो, पावसाचं पाणी कुठल्या ओढ्यात जाणार, आवाज, सावली, प्लॅनमधलं कुठलं धोरण मोडतं. अर्जदाराचा स्वभाव, तुमचं त्याच्याशी जुनं भांडण किंवा तुमच्या दुकानाला होणारी स्पर्धा यांचा प्लॅनिंगमध्ये विचार होत नाही.

मुदत एक दिवसानं हुकली तर?

पत्र परत येतं. माझ्या ओळखीतल्या एका घरानं शेवटच्या दिवशी टपालात टाकलं होतं. पत्र पोचलं दुसऱ्या दिवशी. तारीख पोचल्याची धरतात, टाकल्याची नाही.

कौन्सिलचा निर्णय पटला नाही तर?

चार आठवड्यांत डब्लिनच्या राष्ट्रीय प्लॅनिंग संस्थेकडे अपील. पूर्वी ही संस्था अन बोर्ड प्लानाला या नावानं ओळखली जायची, जून २०२५ पासून तिची जागा अन कमिशून प्लानाला या आयोगानं घेतली आहे. तुम्ही अर्जदार नसाल तर अपील करायला आधी कौन्सिलकडे लेखी म्हणणं दिलेलं असावं लागतं. त्या वेळी कौन्सिलकडून पोच मिळते. तो कागद जपून ठेवा, कारण अपिलाला त्याची प्रत जोडावी लागते, नाहीतर अपील ग्राह्य धरत नाहीत. शुल्क २२० युरो. २०२४ चा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होत असल्यामुळे प्रत्यक्ष अर्ज करताना मुदत आणि शुल्क त्या दिवशी पुन्हा तपासून घ्या.

स्वस्तात शेतजमीन घेऊन त्यावर घर बांधता येईल का?

जमीन घेण्याआधी हे उत्तर दोनदा वाचा.

पहिली अडचण गरजेची. प्लॅनच्या नकाशात ग्रामीण भागाचेही प्रकार पाडलेले असतात. मोठ्या गावांचा दबाव असलेल्या भागात एकटं घर बांधायचं तर तुमचा त्या जागेशी संबंध दाखवावा लागतो: तिथे शेती करता, तिथे वाढलात, तिथेच काम आहे. जिथे लोकवस्ती गळत चालली आहे तिथे नियम सैल असतात. म्हणून जमिनीच्या दोन तुकड्यांत पाच किलोमीटरचं अंतर असलं, तरी एकावर घर होतं आणि दुसऱ्यावर होत नाही.

दुसरी अडचण मातीची, आणि लीट्रिममध्ये तीच खरी. गावाबाहेर सांडपाण्याची वाहिनी नसते. सेप्टिक टाकीतलं पाणी जमिनीतच मुरवावं लागतं. इथली माती म्हणजे निळसर-करडी चिकण. लीट्रिममध्ये जमीन एकरावर नाही, गॅलनवर विकतात, असं इथले लोक पूर्वीपासून म्हणतात.

अर्जाआधी तज्ज्ञाकडून चाचणी करून घ्यावी लागते. मी एकदा शेजाऱ्याच्या शेतात ती पूर्ण बघितली. आधी जेसीबीनं दोन मीटरच्या वर खोल खड्डा खणला आणि भूजल किती वर येतं ते कळावं म्हणून दोन दिवस उघडा ठेवला. शिवाय फूटभर लांबी-रुंदीचे लहान खड्डे. त्यांत आदल्या दिवशी पाणी भरून माती भिजवून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरलं आणि ३०० मिलिमीटरवरून २०० मिलिमीटरवर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. कोकणातल्या जांभ्या दगडात ते पाणी बघता बघता नाहीसं झालं असतं. इथे आम्ही खड्ड्याच्या काठावर पट्टी धरून उभे होतो, जेवून परत आलो, आणि पाणी बोटभरसुद्धा उतरलं नव्हतं. शेतकरी बाबा काही बोलले नाहीत, टोपी काढून कपाळ पुसलं एवढंच. मुलाच्या घरासाठी ठेवलेलं शेत होतं ते.

म्हणून व्यवहार करायचाच असेल तर 'परवानगी मिळाल्यास' ही अट लेखी करारात घालून घ्या आणि अर्जाआधी कौन्सिलच्या प्लॅनरशी प्राथमिक भेट घ्या. घराच्या अर्जाचं शुल्क ६५ युरो आहे. खर्च होतो तो नकाशे, चाचणी आणि अभियंत्यावर.

मग एवढी रिकामी घरं दिसतात ती कशी?

१९९८ मध्ये सरकारनं शॅनन नदीच्या वरच्या खोऱ्यासाठी करसवलतीची योजना आणली. लीट्रिम आणि लाँगफर्ड या पूर्ण काउंट्या आणि कॅव्हन, रॉसकॉमन, स्लायगोचे काही भाग त्यात होते. हेतू चांगला होता. पण सवलत बांधण्यावर होती, राहायला माणूस येतो का यावर नव्हती. लहान लहान गावांच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या, २००८ मध्ये अर्थव्यवस्था कोसळली आणि अर्धवट भिंती तशाच उघड्यावर राहिल्या. २०११ च्या जनगणनेत लीट्रिममधली ३०.५ टक्के घरं रिकामी होती, देशात सर्वाधिक. दहांतली तीन.

प्लॅनिंग हा कंटाळवाणा विषय आहे असं कुणी म्हणालं की मला ही आकडेवारी आठवते. पैसा येत होता, परवानग्या निघत होत्या, आणि राहणार कोण हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आता उलट्या दिशेनं प्रयत्न चालू आहे. दोन वर्षांहून जास्त काळ रिकामं आणि २००७ पर्यंत बांधलेलं घर दुरुस्त करून राहायला किंवा भाड्यानं द्यायला घेतलंत, तर ५० हजार युरोपर्यंत अनुदान मिळतं. पडकं असेल तर ७० हजारांपर्यंत. अर्ज कौन्सिलकडेच करायचा. दोन अटी लक्षात ठेवा. मंजुरीआधी काम सुरू केलं तर अनुदान जातं. आणि पाच वर्षांच्या आत घर विकलं तर सगळी रक्कम परत द्यावी लागते, पाच ते दहा वर्षांत विकलं तर ७५ टक्के. गावात, पदपथाला लागून असलेलं जुनं घर घेतलंत तर सांडपाण्याची वाहिनी आधीच असते आणि वरची सगळी खड्ड्यांची गोष्ट टळते. माझा कौल नेहमी त्याच बाजूला असतो.

घराच्या मागे खोली वाढवायला परवानगी लागते का?

मागच्या बाजूला ४० चौरस मीटरपर्यंत बहुधा लागत नाही, पण उंची, खिडक्या आणि मागे उरणारी मोकळी जागा यांच्या अटी आहेत. आधीच्या मालकानं वाढवलेली खोलीही त्या ४० मध्ये मोजतात. शंका असेल तर ८० युरो भरून कौन्सिलकडून लेखी उत्तर मागता येतं. घर विकताना वकील हाच कागद मागतो.

चहूकडे तीच ती सूचिपर्णी झाडं लावताहेत. कौन्सिल थांबवत का नाही?

कारण तो अधिकार कौन्सिलकडे नाही. शेतात जंगल लावायचा परवाना कृषी खातं देतं, प्लॅनिंगची परवानगी लागत नाही.

काउंटीच्या जवळजवळ एक पंचमांश जमिनीवर आज जंगल आहे, आणि त्यात भरणा सिट्का स्प्रूसचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या पिकाचा. ओल्या चिकणमातीत गवतापेक्षा तो जोमानं वाढतो. जमीन मालकाला अनुदान मिळतं, लाकडाला बाजार आहे, आणि त्यावर चालणारे कारखानेही याच भागात आहेत. उलट बाजू रस्त्यानं जाताना दिसते: एका घरात दिवा, मग दोन किलोमीटर काळा पट्टा, मग पुन्हा एक घर. मधली कुटुंबं गेली की शाळेची बस बंद होते. गावकऱ्यांनी याविरुद्ध संघटित होऊन आवाज उठवला आहे आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. निदान घरापासून किती अंतरावर झाडं लावावीत आणि गावाची किती जमीन त्यात जावी, यात तिथे राहणाऱ्यांना बोलता यायला हवं. परवान्याच्या अर्जावरही ठरलेल्या मुदतीत लेखी म्हणणं देता येतं, फक्त ते कृषी खात्याकडे द्यायचं.

लोकांनी लावून धरलं तर काय होतं याचंही उदाहरण इथलंच आहे. २०११ मध्ये या भागात खडक फोडून वायू काढण्याची पूर्वतयारी म्हणून कंपन्यांना परवाने मिळाले. सहा वर्षं गावोगावच्या सभागृहांत बैठका झाल्या. २०१७ मध्ये संसदेनं जमिनीवरच्या फ्रॅकिंगवर कायद्यानं बंदी घातली. ते विधेयक मांडणारे टोनी मॅकलॉक्लिन याच मतदारसंघाचे खासदार होते.

कौन्सिल रोजगार आणते म्हणजे नेमकं काय करते?

कारखाना काढत नाही. जागा, रस्ता, इमारत, वाट तयार करते आणि सरकारच्या निधीसाठी अर्ज करते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमबीएनए ही अमेरिकी क्रेडिट कार्ड कंपनी कॅरिकला आली आणि गावाचा चेहरा बदलला. नंतर ती कंपनी दुसऱ्या बँकेकडे गेली, मग व्यवसाय विकला गेला. एका मोठ्या मालकावर काउंटी उभी करणं किती धोक्याचं आहे हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

टिकाऊ कामं वेगळी दिसतात. बॅलिनामोरहून जाणारा जुना कालवा १८६० मध्ये पूर्ण झाला आणि काही वर्षांतच ओस पडला. सव्वाशे वर्षांनी उत्तर आणि दक्षिण आयर्लंडनं मिळून तो खणून काढला. १९९४ मध्ये शॅनन-अर्न जलमार्ग म्हणून खुला झाल्यापासून सुमारे ६३ किलोमीटरवर पुन्हा होड्या चालतात. ड्रमशॅनबोला ॲकर्स तलावावर तरंगती पायवाट आहे, रविवारी मुलांना घेऊन जाण्यासारखी. त्याच गावात जॅमचा जुना कारखाना बंद पडला होता, त्याच्या जागी खाद्यउद्योगांचं केंद्र झालं. तिथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या डिस्टिलरीची जिन आज परदेशांत विकली जाते. पडीक कारखाना न पाडता त्यात लहान धंद्यांना जागा दिली, एवढंच ते काम. पण गावातल्या पोरांना गावातच पगार मिळू लागला.

मला फराळाचा किंवा खानावळीचा छोटा धंदा करायचाय. कौन्सिलकडून पैसे मिळतील का?

आधी व्हिसा बघा. वर्क परमिटवर, स्टँप १ वर असाल तर स्वतःचा धंदा करता येत नाही. स्टँप ४ (वर्क परमिटशिवाय काम करण्याची मुभा) किंवा नागरिकत्व हवं.

मग लोकल एंटरप्राइज ऑफिसात जा. प्रत्येक कौन्सिलमध्ये २०१४ पासून एक आहे. मुख्यतः दहापर्यंत कामगार असलेल्या उद्योगांसाठी ते काम करतं. पण रोख अनुदान सहसा वस्तू बनवणाऱ्या आणि बाहेर विकू शकणाऱ्या धंद्याला मिळतं. गावातलं हॉटेल, केशकर्तनालय, किराणा दुकान यांना मिळत नाही, कारण एकाला दिलं तर शेजारच्याचं गिऱ्हाईक तुटतं. म्हणजे खानावळीला नाही, पण चकली-चिवडा पाकिटात भरून देशभर पाठवणार असाल तर बोलण्यासारखं आहे. व्यवसाय सुरू करण्याचे वर्ग आणि अनुभवी मार्गदर्शक मात्र सगळ्यांसाठी आहेत, आणि मी तर म्हणेन पैशांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

घरच्या स्वयंपाकघरातून विकायचं तरी खाद्यव्यवसाय म्हणून राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे (एचएसई) आधी नोंदणी हवी. दुकानाच्या गाळ्यात खानावळ काढायची तर वापर बदलण्याची प्लॅनिंग परवानगी लागते. भाडेकरारावर सही त्यानंतर करा.

रेट्स आणि घरपट्टी यात फरक काय?

रेट्स व्यवसायाच्या जागेवर लागतात: जागेचं सरकारी मूल्यांकन गुणिले कौन्सिलनं त्या वर्षी ठरवलेला दर. शेतजमिनीला लागत नाहीत. घरपट्टी २०१३ मध्ये आली, ती महसूल खात्याकडे भरतात आणि मालक स्वतः घराची किंमत जाहीर करतो. लीट्रिमसारख्या काउंटीत घरं कमी आणि स्वस्त, त्यामुळे स्थानिक घरपट्टीत भागत नाही. देशाच्या समानीकरण निधीतून भर घालावी लागते. दर थोडा वाढवायचा की नाही यावर शरद ऋतूत कौन्सिलर मतदान करतात, आणि त्याआधी लोकांकडून लेखी मतं मागवतात. फारशी येत नाहीत.

पवनचक्क्यांमुळे गावाला काही मिळतं का?

सरकारी लिलावातून आलेल्या प्रकल्पांना दर मेगावॉट-तासामागे २ युरो स्थानिक निधीत द्यावे लागतात. शिवाय कौन्सिलला रेट्स मिळतात. मोठे प्रकल्प कौन्सिलला वगळून थेट अपिलांच्या त्याच राष्ट्रीय आयोगाकडे जातात, तेव्हा तुमचं पत्रही तिकडेच पाठवा.

आमचं मंडळ लहान आहे, दिवाळी आणि गणपती एवढंच करतो. कौन्सिलच्या दारात आम्हाला कोण उभं करणार?

प्रत्येक काउंटीत पब्लिक पार्टिसिपेशन नेटवर्क आहे. नफ्यासाठी नसलेल्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या कुठल्याही स्थानिक गटाला त्यात नाव नोंदवता येतं. आपापली नियमावली, बँक खातं आणि दोन-तीन पदाधिकारी असले की बरं. कौन्सिलच्या धोरण समित्यांवर बाहेरचे सदस्य घेतात, त्यांतले काही याच नेटवर्कमधून निवडले जातात. सभागृहाचं भाडं, मुलांसाठी खेळाचं साहित्य यांसाठीच्या लहान निधीच्या सूचनाही नेटवर्कच्या ईमेलवरच आधी येतात.

आणि कौन्सिलच्या सभा लोकांना खुल्या असतात. कॅरिकला एकदा जाऊन मागच्या खुर्चीवर बसा. खड्डे, दिवे, एका वळणावरचा आरसा, अशा विषयांवर तासभर बोलणं चालतं. सभा संपली की कौन्सिलर बाहेर येऊन विचारतातच, "तुम्ही कुठल्या बाजूला राहता?" तेव्हा आपल्या टाउनलँडचं, म्हणजे वाडीचं, नाव सांगा.